उतारशाळेत जागा नव्हती

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त नाताळच्या आठवड्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाचा वर्धापनदिन आणि नाताळ एकाच आठवड्यात येतात. तेव्हा यंदा ख्रिस्तजन्माच्या कथेवर चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहबाईंनी मला आज्ञा केली. मी काही विदुषी नाही. मुलांना शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि रविवारी देवळात बसून जे कानांवर पडले तेवढीच माझी शिदोरी. समोर बसलेल्या बहुतेक भगिनींचा धर्म माझ्याहून वेगळा आहे. म्हणून धर्मोपदेश करण्याचा माझा विचार नाही. आपण एकमेकींच्या घरची सुखदुःखे ऐकतो, तशीच ही एका घरची हकीकत आहे असे समजून ऐकावी, एवढीच विनंती.

नाताळ म्हटला की दारावरचा कागदी तारा, करंज्या आणि केक, आणि देवळातला गोठ्याचा देखावा आपल्या डोळ्यांपुढे येतो. मऊ गवत, बैल, गाढव, मुकुट घातलेले तीन राजे आणि मध्ये हसरे बाळ. मुलांना तो फार आवडतो, आणि मलाही आवडतो. पण मूळ ग्रंथ उघडून पाहिला तर या देखाव्यातल्या पुष्कळ गोष्टी तिथे नाहीत. येशूच्या जन्माची हकीकत मत्तय आणि लूक या दोघांच्याच शुभवर्तमानांत आहे. त्यांत गाढवाचा उल्लेख नाही, बैलाचा नाही, दार लावून घेणारा सराईवालाही नाही. पूर्वेकडून आलेले मागी लोक किती होते तेही लिहिलेले नाही. भेटी तीन होत्या, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसेही तीन झाली. या साऱ्या गोष्टी लोकांनी पुढे प्रेमाने घातल्या. त्या बाजूला ठेवल्या म्हणजे जे उरते ते पुष्कळच कठीण आहे, आणि आपल्या ओळखीचे आहे.

काय उरते ते पाहू. रोमच्या बादशहाने, कैसर ऑगस्त याने, हुकूम काढला की राज्यातल्या सर्वांची नावनिशी व्हावी. नावनिशी म्हणजे कराची यादी. लूक सांगतो की जो तो आपापल्या मूळ गावी नाव लिहवायला निघाला. योसेफ हा गालीलातल्या नासरेथचा सुतार, पण त्याचे घराणे दावीद राजाचे, म्हणून त्याला दक्षिणेला बेथलेहेमला जावे लागले. मरीयेचे दिवस भरत आले होते. वाट सव्वाशे-दीडशे किलोमीटरांची, आणि शेवटची चढण डोंगराची. यरुशलेमेच्या पुढे आठ-दहा किलोमीटरांवर बेथलेहेम आहे.

सरकारी कागद माणसाची अडचण विचारत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. शिधापत्रिकेच्या रांगेत अवघडलेली बाई तासन् तास उभी असते, आणि खिडकीतला माणूस म्हणतो, "उद्या या." मरीयेची गत याहून निराळी नव्हती. राजधानीत बसलेल्या बादशहाला ती आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते.

ज्या वाटेने ती जात होती तिचीही एक जुनी आठवण आहे. जुन्या करारात याकोबाची लाडकी बायको राहेल हिची गोष्ट आहे. ती प्रवासात असतानाच तिला वेणा लागल्या, मुलगा झाला आणि ती गेली. तिला वाटेवरच पुरले. ती वाट बेथलेहेमची. मरीया यहूदी मुलगी होती, ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली असणार. त्याच वाटेने, तशाच अवस्थेत ती चालली होती. तिच्या मनात काय आले असेल ते लूकने लिहिलेले नाही. ज्यांनी बाळंतपणे सोसली आहेत त्यांनीच ते समजून घ्यावे.

बेथलेहेमात पोहोचल्यावर काय झाले हे लूकने फार थोडक्यात सांगितले आहे. दिवस भरले, मुलगा झाला, आईने त्याला बाळंत्यात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. मराठी पवित्र शास्त्रात 'उतारशाळा' असा शब्द आहे. तिथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, तोच लूकने पुढे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे. वाटसरूंच्या धर्मशाळेसाठी त्याने दुसऱ्या एका दाखल्यात निराळाच शब्द घातला आहे. त्यामुळे पुष्कळ अभ्यासक म्हणतात की ही सराई नसावी, घरातली पाहुण्यांची खोली असावी. त्या प्रदेशात गरिबाच्या घरी रात्री जनावरेही घरातच बांधीत आणि गव्हाण घरातच असे. आपल्याकडच्या जुन्या घरांतून पुढच्या पडवीत जनावरे आणि आतल्या चौकात माणसे, अशी रीत होतीच. पाहुण्यांची खोली आधीच भरली होती, तेव्हा ज्यांनी या दोघांना आत घेतले त्यांनी आपल्याजवळ जे होते ते दिले, जनावरांच्या बाजूची जागा.

असे वाचले की माझ्या मनातले चित्र पालटते. कोणी दुष्टपणाने दार आपटले, असे मग उरत नाही. घरात दाटी होती, आणि त्या दाटीतही कोणीतरी थोडे सरकून बसले. ते कोण, त्यांचे नाव काय, ते ग्रंथात नाही. अशी माणसे ग्रंथात सहसा येतच नाहीत.

यातल्या माणसांकडेही पाहा. योसेफाच्या तोंडी चारही शुभवर्तमानांत एकसुद्धा वाक्य नाही. त्याला स्वप्न पडते, तो उठतो आणि जे करायचे ते करतो. मरीया बोलते, पण मोजके. बाळंतपणाआधी ती आपली नातलग अलीशिबा हिच्याकडे जाऊन तीन महिने राहिली. तिथे तिने गाइलेले स्तोत्र भाबडे नाही. बलवंत सिंहासनावरून खाली येतील आणि भुकेल्यांचे पोट भरेल, असे ती गरीब मुलगी म्हणते. रात्री मेंढपाळ आले, त्यांनी देवदूतांची वार्ता सांगितली. सारे थक्क झाले, आणि मरीयेने त्या गोष्टी मनात ठेवल्या, त्यांचा विचार करीत राहिली. तिला लगेच सारे उमगले असे लूक म्हणत नाही. पुढे बाळाला यरुशलेमेच्या मंदिरात नेले, तेव्हा नियमशास्त्राप्रमाणे कोकरू अर्पायचे, आणि ऐपत नसेल तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिले. लूक या पाखरांचाच उल्लेख करतो. म्हणजे घरची परिस्थिती काय होती ते कळते. तिथेच म्हाताऱ्या शिमोनाने बाळाला हातात घेऊन आशीर्वाद दिला, आणि आईला सांगितले की तुझ्या जिवातून तरवार आरपार जाईल. चाळीस दिवसांच्या बाळंतिणीला हे ऐकावे लागले!

आता या कथेतला जो भाग आपण देखाव्यात कधीच मांडत नाही, त्याकडे वळते. हेरोद राजाला कळले की बेथलेहेमात राजा जन्मला आहे. भयाने आणि संतापाने त्याने त्या गावातली व आसपासची दोन वर्षांची आणि त्याहून लहान सगळी मुलगे मारवली. योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन रातोरात मिसर देशाला पळाले होते. ते वाचले. बाकीची वाचली नाहीत. मत्तयाने हे सांगून पुढे यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातली राहेलच आणली आहे. तीच राहेल, वाटेवर गेलेली. ती आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि कोणी समजूत घालू लागले तर ती घालू देत नाही.

भगिनींनो, मत्तयाच्या मनात आले असते तर तिथे एक समाधानाचे वाक्य लिहिणे त्याला जड नव्हते. ती मुले देवाला आवडली म्हणून नेली, किंवा त्यांच्या मरणातून काही मोठे साधायचे होते, असे तो लिहू शकला असता. त्याने लिहिले नाही. त्या आयांचे रडणे त्याने जसेच्या तसे ठेवले. ख्रिस्तजन्माच्या कथेतली मला सर्वांत खरी वाटणारी जागा हीच आहे.

असे मला का वाटते, ते सांगण्यासाठी माझ्या आईची हकीकत सांगावी लागेल. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचे खेडे नगर जिल्ह्यातले. विहिरी आटल्या, चारा संपला, बैलजोडी मातीमोलाने विकली. वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आम्हा मुलांना तिथे सुकडी मिळे. तान्ही मुले बाभळीला बांधलेल्या झोळ्यांतून निजवलेली असत, त्यांत माझा चार महिन्यांचा भाऊही असे. त्या वर्षी नाताळला नवे कपडे नव्हते, करंज्या नव्हत्या. पाळकांनी लूकाचा दुसरा अध्याय वाचला. घरी आल्यावर आई आमच्या रिकाम्या गोठ्याकडे पाहून म्हणाली, "आपली गव्हाण यंदा मोकळीच आहे. आला तर त्याला जागा आहे." ती हसत म्हणाली की रडत, ते मला आता आठवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझा तो भाऊ हगवणीने गेला. लोक भेटायला आले. कोणी म्हणाले देवाची मर्जी, कोणी म्हणाले देव तुमची परीक्षा पाहतो आहे, कोणी म्हणाले तेवढेच त्याचे देणे होते. सगळी भली माणसे, आमच्याइतकीच उपाशी. आई काही बोलली नाही. संध्याकाळी पाळक आले आणि प्रार्थनेसाठी पुस्तक उघडू लागले, तेव्हा ती म्हणाली, "पाळकसाहेब, राहेलचे वाचा." त्यांनी ते वाचले, पुस्तक मिटले, आणि उपदेश न करता आमच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. आई नंतर पुष्कळदा म्हणे, त्या दिवशी मला जर कशाने धीर आला असेल तर त्याने.

कामावर आईच्या शेजारी खडी फोडणारी एक बाई होती. जात वेगळी, धर्म वेगळा. तिला अंगावर दूध येत नव्हते आणि तिचे मूल वाळत चालले होते. आईचे दूध अजून आटले नव्हते. आठव्या-नवव्या दिवशी आई कामावर गेली, आणि त्या बाईच्या पोराला पदराखाली घेतले. पाऊस पडेपर्यंत रोज दोन वेळा. ते मूल जगले. पण आई आयुष्यभर एकदाही म्हणाली नाही की, यासाठीच माझे मूल गेले. कोणी तसे सुचवले तर तिला राग येई. "माझे गेले ते गेले," ती म्हणे, "याला मी पाजले ते पाजले."

दुःखाचा अर्थ काय, असे आपण विचारतो तेव्हा बहुधा त्याचे कारण विचारीत असतो. कारण सापडले की दुःख हलके होईल असे वाटते. आईने कारण शोधले नाही. जे हातात उरले होते त्याचे काय करायचे, एवढे तिने पाहिले. माझ्या समजुतीप्रमाणे बेथलेहेमची कथाही आपल्याला इतकेच सांगते. देव संकट टाळून आला नाही, ज्या घरी खोली नव्हती त्या घरी आला, आणि त्याचे येणे माणसांच्या हातांवर अवलंबून राहिले. कोणी जागा दिली, कोणी बाळंते गुंडाळले, कोणी रात्री उठून मिसरची वाट धरली.

आपल्या महाराष्ट्रातले याचे मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचा जन्म १८५८ चा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ अन्नावाचून, पायी, देशभर हिंडले. पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पतीही गेले. पदरी लहान मुलगी, मनोरमा. पुण्याजवळ केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभे केले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. घरात जागा पुरेना, तरी मुली येतच राहिल्या. ज्या मुलीने स्वतः दुष्काळात आई गमावली होती, तिला त्या मुलींच्या डोळ्यांतले काय दिसले असेल!

त्यांच्या धर्मांतराविषयी त्या काळी पुष्कळ वाद झाले, त्यात मी आज शिरत नाही. मला सांगायचे आहे ते त्यांच्या शेवटच्या कामाविषयी. अक्षरओळख झालेल्या साध्या बायकांना वाचता यावे म्हणून, हिब्रू व ग्रीक शिकून, त्यांनी अवघे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. छपाईही केडगावलाच, खिळे जुळवायला तिथल्याच बायका. काम चालू असताना १९२१ साली मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही. ते हातावेगळे करून एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले, आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. लेक गेल्यावरही त्या त्याच ग्रंथाची पाने तपासत होत्या, ज्यात राहेल कोणाला समजूत घालू देत नाही.

बेथलेहेमात ख्रिस्तजन्माचे फार जुने देऊळ आहे. मूळ देऊळ चौथ्या शतकातले, आणि आजची इमारत बहुतांशी सहाव्या शतकातली. इतक्या मोठ्या देवळाचे दार मात्र जेमतेम चार फूट उंच आहे. केवढाही मोठा माणूस असो, त्याला वाकूनच आत जावे लागते. मी ते चित्रातच पाहिले आहे. दुसऱ्याच्या दुःखात शिरायचे दारही तेवढेच बुटके असते, असे मला ते चित्र पाहताना वाटते. मोठमोठी वाक्ये डोक्यावर घेऊन त्यातून आत जाता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच आळीत एका घरी फार वाईट गोष्ट घडली. मी नाव घेत नाही, सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा आपल्या मंडळाने वार लावून पंधरा दिवस त्या घरी डबा पोहोचवला. कोणी धुणे धुतले, कोणी मुलांना शाळेत सोडले. त्या भगिनीने मला सांगितले की, डबा घेऊन येणाऱ्या बायका काही बोलत नसत, हे फार बरे वाटे. ज्या मंडळाला हे साधते त्याला माझ्यासारखीने ख्रिस्तजन्माची कथा निराळी काय सांगावी?

तरी एक मागणे मागते, आणि तेवढ्यासाठीच मी हे व्याख्यान कबूल केले होते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी मोठे इस्पितळ आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका तिथे रोग्याबरोबर येतात. रोग्याला खाट मिळते. बरोबरच्या बाईला जागा नसते. ती जिन्यात, नाहीतर फूटपाथवर वळकटी टाकून निजते. काहींच्या कडेला तान्ही मुले असतात. थंडीत मी त्यांना पाहते, तुम्हीही पाहता. आणि आपल्या मंडळाची ही खोली, शिवणयंत्रे आणि पापडाचे डबे एका बाजूला सारले तर आठ बायका सहज निजतील एवढी, रोज संध्याकाळी सात वाजता कुलूप लावून बंद होते.

अडचणी मला ठाऊक आहेत. सामान जाईल, पाण्याचे बिल वाढेल, किल्ली कोणाकडे राहायची, शेजारी काय म्हणतील. त्यांचा विचार केला पाहिजे. परिचारिकेची चिठ्ठी असेल तिलाच जागा द्यावी, वहीत नाव-गाव लिहून घ्यावे, यंत्रे कपाटात ठेवावीत, आणि दोघीदोघींनी पाळी धरावी. आरंभी आठवड्यातून दोन रात्री करून पाहावे. चटया आणि दोन रग मी देते. पहिल्या महिन्याची पाळीही मी धरते, म्हातारपणी झोप तशीही कमीच असते.

या बायकांचे दुःख त्याने नाहीसे होणार नाही. रोगी बरा होईल की नाही ते आपल्या हाती नाही. तो का आजारी पडला, हे आपण त्यांना सांगूही नये. पण रात्री पाठ टेकायला जागा होती, आणि सकाळी कोणी घोटभर चहा दिला, एवढे त्या घरी जाऊन सांगतील. बेथलेहेमच्या त्या घरच्या बाईचे नाव राहिले नाही, तसे आपलेही राहणार नाही. त्याची खंत करू नये.

अध्यक्षाबाईंनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा, अशी त्यांना नम्र विनंती करते.